विसराळू व्याही

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

इकडे गुजरातेत, नवागामला आमच्या गल्लीत आत्मारामनाना राहायचे. जन्मभर कापडाच्या लूमवर काम केलं, आणि कानबाईच्या उत्सवात, कुणाच्या हळदीला, स्टेजवर उभे राहिले. अहिराणी विनोदी नाटकं. नायक मात्र कधीच नाही. रुसलेला मामा, बहिरा वॉचमन, न पिताच झिंगलेला शेजारी — दोन-चार वाक्यांचा माणूस. पण ते आत आले की मांडव हलायचा. लोक नायकाचं नाव विसरायचे, नानांचं चालणं घरी जाऊन करून दाखवायचे.

पुढे मी मोबाइलवर व्हिडिओ करायला लागलो. दिवसा मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालायच्या, सुट्टीला शूटिंग. नानांचं लूमवरचं काम तेव्हा सुटलं होतं. मी त्यांना मुलीच्या सासऱ्याची भूमिका दिली, कटकट्या व्याही. काय खूश झाले! प्रत्येक वाक्य घोटून यायचे. "आठे थांबू का रे? हसाले जागा ठेवू का?" असं विचारायचे. जागा ठेवायचे आणि तिथं हसू यायचंच.

मग ती दुपार. आम्ही गच्चीवर होतो. खाली लूम चालू होते, त्यांची थरथर तळपायातून वर यायची. दोरीवर ओल्या साड्या, त्यांच्यातून येणारं ऊन हिरवं, गुलाबी — सगळी गच्ची पाण्याखाली असल्यासारखी. नाना वाक्य बोलता बोलता थांबले. एका साडीकडे बघत राहिले. आणि हळू आवाजात, फार मायेनं त्या साडीला म्हणाले, "बाई, अमळनेरनी गाडी उनी का वं?"

साडीला विचारतात, गाडी आली का! आम्ही हसून हसून खाली बसलो. नानांनी आमच्याकडे पाहिलं, आणि तेही हसले. उशिरा. जरा घाबरून.

तो व्हिडिओ सगळीकडे पोचला. डिंडोलीत, उधन्यात, तिकडे धुळ्या-जळगावात. लोक मला थांबवून म्हणायचे, त्या विसराळू व्याह्याला परत आण. मी आणला.

आता सांगतो ते नीट ऐका. मला माहीत होतं. कॅमेरा बंद असतानाही नाना मला माझ्या नावानं हाक मारेनासे झाले होते. 'भिका' म्हणायचे. भिका त्यांचा धाकटा भाऊ, कधीचा वारलेला. चपला घालून बसायचे आणि चपला शोधायचे. मला कळत नव्हतं असं कसं म्हणू? मग मी काय केलं — त्यांना वाक्यं द्यायचंच बंद केलं. समोरच्याला सांगायचो, मध्येच भलतंच विचार. नाना गोंधळायचे. त्यांची नजर कुठंतरी निघून जायची, एखाद्या जुन्या स्टँडवर, एखाद्या नदीच्या काठावर — आणि तिथून ते जे बोलायचे, ते कुणाला लिहून सुचलं नसतं. मी मोबाइल धरून उभा. खरं सांगू? तेव्हा मला ते सुंदर वाटायचं. स्वप्नात बोलणाऱ्या माणसाच्या उशाशी बसल्यासारखं. उठवावं असं एकदाही वाटलं नाही.

मग एक दिवस सिंधूकाकू आल्या. नानांची बायको. दारातच उभ्या राहिल्या, पदर तोंडाशी. म्हणाल्या, नाना भाजी घ्यायला गेले की भलत्याच गल्लीत शिरतात. घरात मला विचारतात, तू कोणाची. विचारलं तर म्हणतात, व्याह्याचा सराव करतोय.

"भाऊ, खरं सांग. हाई नाटक शे ना?"

त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि मागे थोडी आशा. मी त्या आशेकडे बघून बोललो. पुढच्या सुट्टीला शूटिंग होतं.

"नाटकच आहे काकू. मोठा नट असाच असतो, भूमिका घरी घेऊन येतो."

त्या हसल्या. डोळे पुसत हसल्या. म्हणाल्या, मरो मेलं ते नाटक, माझा जीव काढला. आणि गेल्या.

हेच ते. एवढंच वाक्य. इतकी वर्षं.

पुढच्या उन्हाळ्यात नाना सकाळी घरातून निघाले ते जेवणवेळ झाली तरी परत आले नाहीत. आम्ही सगळे शोधत होतो. दुपारी माझ्या फोनवर कुणीतरी व्हिडिओ पाठवला. हजीऱ्याचा रस्ता, ट्रकांची रांग, चहाची टपरी. मध्ये नाना, हात जोडून. "मन्हं घर कोठे शे? कोनी सांगा ना." आणि भोवती माणसं पोट धरून हसताहेत. कुणी गुजरातीत ओरडतंय, "अरे, आ तो पेला व्हिडिओवाळा काका!" त्यांनी नानांना ओळखलं होतं. म्हणूनच कुणी घरी आणलं नाही. ते एकेकाकडे जात होते, तेच विचारत होते, आणि प्रत्येक वेळी हशा वाढत होता.

पहिल्या क्षणी — मीही हसलो.

मग गाडी काढली. नाना रस्त्याच्या कडेला बसले होते, उन्हानं ओठ फुटलेले, एका पायात चप्पल नाही. मला बघून उठले. "भिका, भलता उशीर करा रे तू." रागावले नाहीत. मागे बसून त्यांनी माझ्या कमरेला घट्ट धरलं, लहान पोरासारखं.

डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

नाना आता खाटेवर असतात. बोलत नाहीत. मी अधूनमधून जातो. मागच्या महिन्यात काकूंनी चहा केला, शेजारी बसल्या आणि अचानक रडायला लागल्या. म्हणाल्या, "मी त्यासले बोलनू, भाऊ. म्हनं, नाटक बंद करा, मंग ताट वाढसू. उपाशी निजनात. एक दिवस मी हातबी उचला." मग मराठीत, जणू कुणा परक्यासमोर साक्ष द्यावी तशा — "मला कळायला हवं होतं. बायको ना मी."

"तुम्हाला कुठं माहीत होतं, काकू," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात धरला. मला देवमाणूस म्हणाल्या. पुढचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. मी चहा संपवला, कप खाली ठेवला, आणि घरी आलो.