कोपराचं उट्टं

इस्त्रीच्या कारखान्यात तिला सगळे फटकळ म्हणत आणि ती ते नाव पदवीसारखं मिरवत असे. पण हल्ली चहाचा कप उचलताना तिचं तोंड वाकडं होई. उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडात कुणी सुई खुपसून फिरवतंय, असं वाटे.

याचं मूळ मुकादम. पूर्वी प्रत्येक टेबलाच्या कडेला बिडाची जाड पाटी असे. कपडा पालटताना इस्त्री नुसती सरकवून पाटीवर न्यायची. मुकादमाने पाट्या गोदामात टाकल्या. जागा अडते म्हणे. आता दर कपड्याला ती जड इस्त्री मनगट मागे मोडून उचलायची आणि बुडावर उभी करायची. पाट्या मागितल्या की म्हणे, "बघू, बघू." कोपराला गूळ लावून ठेवलेला, बसा चाटत.

कोपर ठणकलं की बायकांचा इलाजही तिथलाच. फडकं इस्त्रीखाली तापवायचं आणि शेकायचं. जरा बरं वाटे, आणि बरं वाटलं की पुन्हा तोच हात, दुप्पट जोरात.

शेजारच्या टेबलावर नणंद होती. "वहिनी, तुमची जीभ दिवसभर चालते, ती कशी दुखत नाही?"

"तिला मी सारखी उभी करत नाही, वन्सं."

एक दिवस इस्त्री हातातून निसटली आणि चादर जळाली. मुकादमाने सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "नाटकं पुरे. महिनाअखेर हात चालला नाही तर घरी बस." घरी बसणं तिला परवडणारं नव्हतं. पण त्या 'नाटकं' शब्दाने जास्त आग लागली.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिचा पंजा खाली दाबून धरला आणि म्हणाल्या, "आता वर उचला." कळ थेट कोपरात गेली.

"दुखतंय कोपर, पण राबतंय मनगट. मनगट मागे उचलणारे स्नायू या हाडाला बांधलेत. तुम्ही दिवसभर त्यांनाच खेचताय. शेकून कळ दबते, खेचणं थांबत नाही. मनगट सरळ ठेवा, मूठ सैल ठेवा, मधेमधे हाताला थांबवा. जड काही उचलायचं तर तळवा वर, वस्तू अंगाजवळ."

"आणि इस्त्री उचलावीच लागली नाही तर?"

"मग तर अर्धं औषध झालंच."

गुन्हेगाराचा पत्ता लागला होता. अर्ज-विनंत्या करणाऱ्यांतली ती नव्हतीच. ती दबा धरून बसली.

पुढे चादरींचं मोठं काम आलं आणि नेमक्या दोघीजणी कोपर धरून घरी बसल्या. मालकीण पाहणीला आल्या तेव्हा फटकळ गोड आवाजात म्हणाली, "मुकादम म्हणतात, हे काम म्हणजे डाव्या हाताचा खेळ. मग एक टेबल त्यांनीच घ्यावं की." मालकीण हसल्या, "घ्याच हो." मुकादम अडकला. "त्यात काय एवढं," म्हणत त्याने बाह्या सरसावल्या.

कुणाचा तरी गळा आवळावा तशी तो इस्त्री धरी. दुसऱ्याच दिवशी हात झटकू लागला.

"मूठ सैल धरा म्हणून सांगा ना त्यांना," नणंद कुजबुजली.

"सांगेन. आधी पिकू दे."

उलट तिने स्वतः फडकं तापवून त्याच्यापुढे केलं. "शेका, मुकादम. लगेच बरं वाटतं." त्याला बरं वाटलंही. तो पुन्हा जोमाने लागला. ती मान खाली घालून हसली.

आठवडा सरता सरता गोदामाच्या कुलुपात त्याच्या हातून किल्ली फिरेना. "बाई, हे काय हो झालं?" आजवर अगं-तुगं करणाऱ्याला आज 'हो' सुचलं.

"नाटकं," ती म्हणाली आणि डाव्या हाताने कुलूप उघडलं. "पाट्या टेबलांवर लावा. मग इलाज सांगते."

"तुम्ही बायका न्या ना."

"आम्ही टाकल्या होत्या का?"

एकेक पाटी तो वरून पकडून, हात लांब ताणून, दात खात नेत राहिला. तळवा फिरवून छातीशी धरली असती तर निम्मी कळ वाचली असती. ती दाराला टेकून बघत राहिली. शेवटची पाटी लागल्यावर तिने ते सांगितलं.

"आधी का नाही बोललात?"

"विचारलंत कुठे?"

तिचं कोपर लगेच बरं झालं नाही, ठणका हळूहळू उतरला. महिनाअखेर आली, तशी गेली. घरी बसवायची भाषा मुकादमाने काढली नाही, कारण त्या हिशेबाने पहिला नंबर त्याचाच लागत होता. तो डाव्या हाताने चहा पिई, आणि फटकळ रोज सगळ्यांसमोर मोठ्याने विचारी, "हात कसा आहे, मुकादम?"

ती काळजीने विचारत नव्हती. ते त्यालाही ठाऊक होतं.