विचारून येणारी निशा

वाचताना ओठ हलवायची. चहा अर्धा पिऊन ठेवायची आणि गार झाल्यावर उरलेला पाण्यासारखा घटाघटा प्यायची. स्कूटीची किल्ली दोरीत ओवून गळ्यात घालायची. ‘हो’ कधी म्हणायची नाही, ‘हौ’ म्हणायची. आणि करुणाच्या घरी आली की चपला दारातच उडवून थेट स्वयंपाकघरात शिरायची, पातेल्यावरचं झाकण उचलायची, मग विचारायची, “मावशी, काय केलंय आज?”

निशाच्या या सवयी करुणाला पाठ होत्या. उस्मानपुऱ्यातल्या एकाच इमारतीत निशा खाली राहायची, करुणा वर. म्हणूनच त्या सवयी एकेक करून गळायला लागल्या तेव्हा ते आधी करुणाच्याच लक्षात आलं.

निशाला जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात वर्षभराचं काम मिळालं होतं. खरं तर जर्मनच्या क्लासला आधी नाव घातलं होतं करुणानं. मराठीत एम.ए. झालेली मुलगी, भाषा म्हणजे आपलंच राज्य, असं तिला वाटायचं. निशा नुसती सोबत म्हणून आली. पुढे करुणाला कंटाळा आला, निशाला आला नाही. आता व्हिसा निशाच्या हातात होता आणि करुणा भेटेल त्याला सांगत होती, “मला तर लई आनंद झालाय.” सांगताना चेहरा दाढ ठणकत असल्यासारखा व्हायचा.

निघण्याआधी तिथले कायदे, तिथल्या रीती शिकून घ्या, असं क्लासच्या बाईंनी बजावलं होतं. बाकीच्या पोरींनी या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. निशाचे आजोबा मात्र बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून रोज संविधानाचं पान वाचायचे. त्या घरात कायदा सोडून द्यायची सोय नव्हती.

“वाचून भागत नाय,” निशा म्हणाली. “अंगात मुरलं पायजे.” आणि ती उस्मानपुऱ्यातच जर्मनीत राहायला लागली.

रविवारी तिथं आवाज करायचा नसतो. निशानं मिक्सर माळ्यावर नेऊन ठेवला. तिची आई जिन्यात करुणाला गाठून म्हणाली, “शेंगदाण्याची चटणी शनिवारीच वाटायची म्हणं. रविवारी वाटली तर तिकडं म्हातारी माणसं उठून बसत्यात.”

एका रविवारी सकाळी दोघी क्रांती चौकात पायी रस्ता ओलांडत होत्या. दिवा लाल होता, पण दोन्हीकडं गाडी नव्हती. करुणा झपाझपा पलीकडं पोचली. मागं वळून बघते, तर निशा खांबासारखी उभी.

“अगं ये की.”

“लाल आहे.”

रिकाम्या रिक्षात पेपर वाचत बसलेला एक चाचा म्हणाला, “ताई, जाओ ना. सिग्नल गाडीला असतो, माणसाला नसतो.”

“तिथं माणसालाही असतो, चाचा.”

“तिथं म्हणजे कुठं?”

“जर्मनीत.”

चाचानं पेपर खाली केला. समोरच्या पुतळ्याकडं, मग पुलाकडं, मग निशाकडं बघितलं. “बराबर,” तो म्हणाला आणि पुन्हा पेपरात शिरला.

करुणाला हसू आलं नाही. आपण हाका मारतोय आणि ही त्या दिव्याचं ऐकतेय, एवढंच तिला दिसत होतं. जर्मनी अजून कितीतरी दूर होती, पण निशा आत्ताच तिची झाली होती.

त्याच आठवड्यात फोन आला. संध्याकाळी, दोघींच्या स्कूटीच्या वेळेला.

निशाच्या आईला दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला दवाखान्यात न्यावं लागायचं. निशाचे वडील राजेंद्रकाका वाळूजच्या कंपनीत, पाळीची नोकरी. म्हणून निशानं ठरवलं होतं, गाडी वर्षभर करुणाकडं राहील आणि आईला करुणा नेईल. त्यासाठी रोज संध्याकाळी ती वर यायची, करुणाला ओढून खाली न्यायची आणि मागं बसून शिकवायची. आजवर कधी विचारून आली नव्हती.

“करुणा, येऊ का? सोयीचं आहे का तुला?”

आवाज फोनमधून येत होता आणि जिन्यातूनही.

“तू दारात उभी राहून फोन करायली?”

“तिथं न कळवता कुणाच्या घरी जात नाहीत. सवय करायलेय.”

ज्या घरात ही न विचारता झाकणं उचलत होती, त्या घराला आता ही परक्याचं घर करायला निघाली होती. ती म्हणाली, “नाय. आत्ता नको.”

“बरं,” निशा म्हणाली. चपला खाली उतरत गेल्याचा आवाज आला.

करुणा दाराशी थांबली. आता परत येईल, दारावर धपका घालील, “नाटकं करते का गं” म्हणेल. कुणी आलं नाही. खालून निशाच्या हसण्याचा आवाज आला तेवढा.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा करुणा पुन्हा “नको” म्हणाली. आज तरी भांडेल. निशा पुन्हा “बरं” म्हणाली. तिसऱ्या दिवशीही तेच. मग ही जणू रीतच पडली. एक फोन करायची, एक नाही म्हणायची, आणि स्कूटी खाली ताडपत्रीखाली उभी राहायची. करुणाची आई म्हणाली, “पोरगी चार दिवसाची पाहुणी आहे. तुला काय झालंय?” पोरगी चार दिवसाची पाहुणी आहे, हेच झालं होतं.

जायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन आला. “येऊ का?”

“ये,” करुणा म्हणाली.

निशा आली. चपला काढून भिंतीला जोडून ठेवल्या. खुर्चीवर बसली. स्वयंपाकघराकडं बघितलंसुद्धा नाही. करुणाला राहवलं नाही.

“इतके दिवस नाय म्हणले. राग नाय आला तुला?”

“आला की. पहिल्या दिवशी खाली जाऊन रडले मी.”

“मी तर हसल्याचं ऐकलं.”

“ते आईला कळू नये म्हणून. तिथं मला किती लोक नाय म्हणतील, करुणा. ती म्हातारी माणसं म्हणतील, इकडं येऊ नको, तुझ्या हातचं नको. राग धरून कसं चालेल? म्हणून म्हणलं, इथंच सवय करू.”

“आणि माझ्यावर केली?”

“तू नाय म्हणणार नाय, हे माहीत होतं ना. म्हणलं सोप्यापासून सुरू करू.” तिनं गळ्यातली दोरी काढली आणि किल्ली करुणाच्या हातात ठेवली. “तू पार अवघडच निघाली.”

करुणानं किल्ली पुन्हा दोरीत ओवली आणि दोरी स्वतःच्या गळ्यात घातली. निशा उठली, जाताना दार हळूच ओढून घेतलं. पहाटे भाड्याच्या गाडीनं ती मुंबईला निघाली. करुणा खिडकीत उभी होती. कोपऱ्यावरचा सिग्नल लाल होता, पहाटेची वेळ, रस्ता रिकामा. गाडी न थांबता निघून गेली. निशा आत बसून त्यावर काहीतरी बोलली असणार, असं करुणाला वाटलं.

पुढच्या आठवड्यात निशाच्या आईची दवाखान्याची तारीख आली. करुणानं ताडपत्री काढली, गाडी पुसली, मावशींना मागं बसवलं. चौक आला तशी ती डावीकडं वळली. पुढे पुन्हा डावीकडं. मग पुन्हा. मावशींनी मागून तिच्या खांद्यावर टपली मारली.

“बाई, दवाखाना तिकडं उजव्या हाताला दिसत होता की गं मघाशी.”

“व्हय, मावशी.”

“मग उस्मानपुरा कशाला फिरवायली मला?”

करुणानं आरशात बघितलं, इंडिकेटर लावला, पुन्हा डावाच. “उजवीकडं वळायचं शिकवायचं राहिलं तिचं,” ती म्हणाली.