फोमखालची तुळई

नल्लकुंट्यातल्या आमच्या पत्र्याच्या छताला उन्हाचा ताप अडवायला आतून फोम मारणारा तो माणूस गल्लीत नेहमी दिसायचा. बोलणं कमी. कुणाच्याही भिंतीला तळहात लावायचा, हुंगायचा आणि म्हणायचा, "हौ साब, ओल हाय."

परवा तो न बोलावता आला, माळ्यावर चढला आणि स्वतःच मारलेला फोम सुरीने कापू लागला.

"अहो, काय करताय?" मी ओरडलो.

त्याने तुळईत बोट खुपसलं. ते पेरभर आत गेलं. बरोबर खाली माझी मुलगी झोपते.

"लाकूड ओलं होतं साब. फोम मारून हवेची वाट मीच बंद केली, आतल्या आत कुजलं. काल मी फोम मारलेल्या दुसऱ्या घरात अशीच तुळई मोडली."

टेकू त्याने येतानाच रिक्षातून आणले होते.