कोणी बघितलं?

"छे! किळस येते," असं म्हणून काका खुर्ची मागे ढकलायचे, चष्मा काढायचे आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसायचे. समोरच्या स्क्रीनवरून काहीतरी घाण अंगावर उडाल्यासारखा चेहरा करायचे. स्क्रीनवर असायचा आमच्यापैकी कोणीतरी लिहिलेला प्रोग्राम. ज्याचा असेल त्याने त्या दिवशी जेवणाची सुट्टी विसरायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉलेज रोडला चपलांच्या दुकानाच्या वर आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन खोल्या, पाच-सहा कॉम्प्युटर, वीज गेली की किंचाळणारं एक यूपीएस आणि आम्ही. आम्ही सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे, काका पन्नाशी ओलांडलेले. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं कॉम्प्युटर विभागात काढली होती. कारखान्याने तो विभाग बंद केला आणि काका आमच्या माथी आले.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांना कशाचीही किळस येते. काकांना ऑफिसच्या चहाची यायची, बेसिनची यायची, मिसळीत भिजून लिबलिबीत झालेल्या शेवेची यायची. स्वतःचा स्टीलचा कप ते घरून आणायचे, स्वतः धुवायचे आणि ड्रॉवरमध्ये उपडा ठेवायचे. त्याला कोणी हात लावला तर पुन्हा धुवायचे.

आणि हे गृहस्थ स्वतः तपकीर ओढायचे! डबी उघडली की खोलीभर वास. मग एक दणदणीत शिंक, मग तो रुमाल. त्या रुमालाचा मूळ रंग कोणता हे आम्हाला कधीच कळलं नाही. त्याच रुमालाने ते माझा मॉनिटर पुसायचे आणि म्हणायचे, "बघ, आता दिसतं नीट." मला अक्षरशः मळमळायचं. माझी जागा त्यांच्या शेजारची होती, त्यामुळे हा प्रसाद रोजचा.

आमचे मालक, म्हणजे सर, अगदी उलट. त्यांना कशाचीच किळस यायची नाही. त्यांचं एकच मागणं असायचं, ग्राहकाला स्क्रीनवर चूक दिसता कामा नये. चूक असली तर असू दे, दिसायला नको.

त्या वर्षी आम्हाला गावातल्या एका रक्तपेढीचं काम मिळालं. काम तसं सरळ होतं. डेटाबेसमधली एकेक नोंद उचलायची, तिच्यातली माहिती आमच्या प्रोग्रामला कळेल अशी उलगडायची आणि स्क्रीनवर मांडायची. अडचण एकच. नोंदीतल्या ज्या रकान्यात कोणी काही भरलेलंच नसतं, तिथून 'नल' येतो. आणि नल आला की आमचा प्रोग्राम जागच्या जागी आडवा व्हायचा. "इनव्हॅलिड यूज ऑफ नल" असा एक चौकोन उघडायचा आणि सगळं ठप्प.

आमच्यातल्या एका हुशाराने त्यावर चार ओळींचं फंक्शन लिहिलं. नल आला की त्याच्या जागी शून्य द्यायचं. तारीख असेल तर तिथेही शून्य. झालं! प्रोग्राम लोण्यासारखा चालायला लागला. सर इतके खूश झाले की त्यांनी पेढे मागवले. रक्तपेढीत उद्घाटन ठरलं, फीत कापायला आमदार यायचे होते.

काकांनी पेढा नाकाजवळ नेऊन खाली ठेवला. माझ्या स्क्रीनवर रक्ताच्या पिशव्यांची यादी उघडी होती. काका वाकले, बघत राहिले आणि मग चष्मा काढला. मला वाटलं, संपलं आता.

"ही पिशवी कधीची?"

"आज सकाळची, काका. खरा डेटा आणलाय तिकडून."

"आज सकाळी रक्त काढलं. काविळीची, एड्सची तपासणी व्हायला संध्याकाळ होते. मग हिच्यापुढे आत्ताच 'निर्दोष' कसं?"

रक्तपेढीत तपासणीचा निकाल आकड्यात ठेवायचे. दोष सापडला तर एक, सापडला नाही तर शून्य. तपासणी व्हायची असेल तर रकाना रिकामा. आणि रिकाम्याचं आम्ही शून्य केलं होतं.

"कोणी बघितलं?" काकांनी विचारलं. "सांग ना. हे रक्त कोणी बघितलं? तुझ्या फंक्शनने?"

"माझं नाहीये ते," मी चिडून म्हणाले.

"मग ज्याचं असेल त्याला बोलाव. शी! अरे, डबा उघडला आणि आत काही नाही, ते शून्य. डबा उघडलाच नाही, तो नल. डबा न उघडता आत काही नाही म्हणून सांगताय तुम्ही. तेसुद्धा रक्ताबद्दल. पेढे कसले खाता?"

सर केबिनमधून बाहेर आले. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, उद्या उद्घाटन होऊन जाऊ द्या. मग निवांत सुधारू. तिथली माणसं काय स्क्रीन बघून थोडीच रक्त देतात?"

"आज नाही देत. म्हणून तर तुमचा कॉम्प्युटर घेतायत ना, उद्यापासून स्क्रीन बघून द्यायला?" काकांनी खांद्यावरचा हात काढला, रुमालाने खांदा पुसला आणि जिना उतरून गेले. ते थेट रक्तपेढीच्या डॉक्टरबाईंकडे गेले आणि त्यांना सगळं सांगून मोकळे झाले. उद्घाटन पुढे गेलं. सर महिनाभर काकांशी बोलले नाहीत, आणि ते काकांच्या लक्षातही आलं नाही.

पुढचे कित्येक दिवस काका त्या प्रोग्राममधली एकेक जागा धुंडाळत राहिले आणि मला फरपटत बरोबर नेत राहिले. प्रत्येक रकान्यासाठी ते रक्तपेढीतल्या तंत्रज्ञांना जाऊन विचारायचे, हा रिकामा असला तर त्याचा अर्थ काय? विचारलंच नाही? विचारलं पण समजलं नाही? की यायचं बाकी आहे? तंत्रज्ञ वैतागायचे. मी तर त्यांच्या वरताण वैतागायचे. पण काकांचं पक्कं होतं. निकाल रिकामा असेल तर स्क्रीनवर लाल अक्षरात 'तपासणी बाकी' यायचं आणि ती पिशवी कोणाच्याही नावावर टाकता यायची नाही. प्रोग्राम तिथे अडूनच बसायचा.

एवढं करूनही जन्मतारखेचा रकाना आमच्या नजरेतून सुटला. त्यामुळे डिसेंबर अखेरीला एक मजा झाली. रक्तदात्यांना वाढदिवसाचं कार्ड पाठवायची टूम रक्तपेढीने काढली होती. आता तारखेच्या जागी शून्य दिलं, की आमचा प्रोग्राम त्याची तीस डिसेंबर अठराशे नव्व्याण्णव करायचा. ज्यांची जन्मतारीख रिकामी होती, त्या सगळ्यांना एकाच दिवशी कार्डं गेली. एका घरात तर नवरा-बायको दोघांनाही. सिन्नरकडचा एक शेतकरी कार्ड हातात घेऊन रक्तपेढीत आला. काका आणि मी तिथेच होतो.

"काय हो सायेब," तो म्हणाला, "माझी जन्मतारीख माझ्या आईला बी ठाऊक नाय. तुम्हाला कुठं घावली?"

काका हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी त्या माणसाला चहा पाजला आणि परत येताना रिक्षात मला म्हणाले, "बघ. तो माणूस ठाऊक नाही म्हणाला. किती स्वच्छ वाटलं ऐकायला." मग तपकिरीची डबी काढली आणि माझ्या ओढणीवर शिंकले.

पाच-सहा वर्षं अशीच गेली. काकांनी नोकरी सोडली, मी तिथेच राहिले. रक्तपेढीचं सॉफ्टवेअर आता माझ्याकडे होतं. शेजारची खुर्ची रिकामी झाली, मॉनिटर स्वच्छ राहायला लागला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.

मग एके सकाळी काकूंचा फोन आला. काकांना रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या, द्वारका चौकाजवळच्या हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. मी आणि सर धावत गेलो. काका उशीत बुडल्यासारखे पडले होते, चेहरा राखेच्या रंगाचा. डॉक्टर म्हणाले, रक्त लवकर मिळालं तर बरं. गट बी निगेटिव्ह. सगळीकडे फोन झाले, अगदी मालेगावपर्यंत. आमच्या रक्तपेढीत त्यांना चालेल अशी एकच पिशवी होती. त्याच सकाळी एका कारखान्यातल्या शिबिरात घेतलेली. आणि तिच्यापुढे लाल अक्षरं होती, 'तपासणी बाकी'.

सर मला पलंगाशेजारीच म्हणाले, "अगं, तुझ्याकडे पासवर्ड आहे ना? निकालात शून्य टाक. पिशवी सुटेल. तिकडच्या माणसांशी मी बोलतो. कारखान्यातली धडधाकट मुलं आहेत, त्यांच्या रक्ताला काय होतंय?"

सरांना मी आयुष्यभर नावं ठेवली, अजूनही ठेवते. पण त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हेही सांगायला हवं. आणि काकू माझा हात धरून म्हणत होत्या, "तुझ्या हातात आहे ना गं? मग कर ना. मी पाया पडते तुझ्या."

माझ्या हातात होतं. मिनिटभराचं काम होतं. मी काकांकडे पाहिलं.

त्यांनी डोळे उघडले. चष्मा नव्हता, तरी हात सवयीने नाकाकडे गेला. "कोणी बघितलं?" आवाज अगदी बारीक आला.

"काका, बहुतेक चांगलीच असणार..."

"बहुतेक!" त्यांनी तोंड वाकडं केलं, अगदी तस्संच, पूर्वीसारखं. "माझ्यासाठी शून्य टाकलंस ना, तर मला तुझी किळस येईल. संध्याकाळपर्यंत थांबतो मी. जा."

काकू रडायला लागल्या. सर बाहेर निघून गेले. मी रक्तपेढीत जाऊन तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिले. संध्याकाळी निकाल आला, दोष नव्हता. तंत्रज्ञाने स्वतः शून्य भरलं, लाल अक्षरं गेली आणि मी पिशवी घेऊन रिक्षाने हॉस्पिटल गाठलं. रक्त लावलं. काका एकदा पिशवीकडे बघून पुटपुटले, "आता ठीक." दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

पंधरा दिवसांनी मी काकूंना भेटायला गेले. इंदिरानगरात त्यांचं दोन खोल्यांचं घर. काकू शांत होत्या. भाजी निवडत होत्या. निवडता निवडता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "ती पिशवी सकाळीच लावली असती, तर वाचले असते का गं?"

मी हा प्रश्न येणार म्हणून तयारी करून गेले होते. नाही हो काकू, काही फरक पडला नसता, आजारच मोठा होता. रिक्षात मनाशी घोकलेलं वाक्य. एवढं म्हटलं असतं तर त्या बाईला रात्री झोप लागली असती. दिलासा द्यायलाच तर गेले होते मी.

पण मी डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनाही सांगता आलं नव्हतं.

"माहीत नाही, काकू," मी म्हणाले. माझा मलाच राग आला. त्या माणसाचाही आला, मेल्यावरसुद्धा माझ्या तोंडात येऊन बसला म्हणून.

काकूंनी भाजी खाली ठेवली. "एवढंसं खोटंसुद्धा बोलवेना का गं तुला?" त्या म्हणाल्या. पदराने डोळे पुसले आणि स्वयंपाकघरात गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात चहा होता, काकांच्या त्या स्टीलच्या कपात. जन्मात काकांनी त्या कपाला कोणाला हात लावू दिला नव्हता. कप तोंडाजवळ नेला तर काठाला तपकिरीचा वास येत होता. तीच जुनी किळस आली. काकू समोर बसून माझ्याकडे बघत होत्या. मी सगळा चहा प्यायले, उठून मोरीत कप धुतला आणि ओट्यावर उपडा ठेवला.