भिंतीकडचा बर्फ

आर्या, निहार, ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. आज लिहिते आहे, कारण परवा व्हिडिओ कॉलवर आर्याने शाळेतला निबंध वाचून दाखवला. त्यात तुमच्या बाबाने पुरवलेली माहिती होती — जर्मनीत बर्फ पडला की काळजीपोटी आजी स्वतः फोन करून एका शाळेच्या छताची चौकशी करायची. फोन मी करायचे, हे खरं. का करायचे, हे तुमच्या बाबाला माहीत नाही.

पुण्यात बसून बर्फाच्या वजनाची कल्पना येणार नाही. ताजा बर्फ हलका असतो. पण साचला, भिजला, की ओल्या वाळूसारखा छतावर बसतो. छताने किती बर्फ पेलायला हवा, हे इथे जर्मनीत नियमाने ठरतं — गाव किती उंचावर आहे, छताला उतार किती आहे, त्यावरून. आणि शेजारी चिकटून उंच इमारत असेल, तर वाऱ्याने तिच्यावरचा बर्फ खाली येतो आणि भिंतीकडे त्याचा ढीग होतो. त्या पट्ट्यातल्या तुळया जास्त भक्कम लागतात. हे मला ठाऊक नव्हतं का? इमारतींची गणितं करणाऱ्या आमच्या इंजिनिअरिंग ऑफिसात नव्याने आलेल्यांना मीच हे शिकवत होते.

म्युनिकच्या दक्षिणेला एका गावात शाळेचा व्यायामाचा हॉल बांधायचा होता. छत किती भार पेलेल, याचं गणित माझं. आधी तो मोकळ्या जागेत होता. मग आर्किटेक्टने तो सरकवून शाळेच्या उंच भिंतीला लावला. मी नकाशा बदलला — गणित बदललं नाही. तपासणाऱ्याच्याही नजरेतून ते सुटलं. हॉल वापरात आल्यावर, दुसऱ्या एका कामासाठी ती फाइल उघडली तेव्हा मला दिसलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. खाली रोज मुलं खेळत होती. हॉल काही दिवस बंद राहिला असता, माझं नाव खराब झालं असतं — आणखी काय? मी फोन उचलला तो शाळेची देखभाल पाहणाऱ्या लेख्नर नावाच्या गृहस्थांना. भिंतीकडचा बर्फ पडल्या पडल्या काढायचा, तसा नियम आहे, असं त्यांना सांगितलं. असा नियम नव्हता.

दर हिवाळ्यात ते फावडं घेऊन वर चढत. “हो, हो, फ्राऊ जोशी,” ते म्हणायचे, “माझी बायकोसुद्धा इतका पिच्छा पुरवत नाही. आणि ती निदान जेवायला तरी घालते.” मी हसायचे. कमरेला दोर बांधा, हे मात्र न विसरता सांगायचे.

एका हिवाळ्यात त्यांनी दोर बांधला नाही. कडेवरून घसरले. खुबा मोडला, नोकरी सुटली. मी चकल्या घेऊन हॉस्पिटलात गेले. “तुम्ही दर वेळी बजावत होता,” ते म्हणाले, “चूक माझीच.” त्यांच्या बायकोने माझे दोन्ही हात धरले, आभार मानले. आणि मी — मी काय म्हणाले? लवकर बरे व्हा, म्हणाले.

पुढे त्या छतावर सोलर पॅनेल बसवायचं ठरलं. त्या कामात मी भिंतीकडे एक जादा पोलादी तुळई घातली. पॅनेलच्या वजनासाठी असेल, असं सगळ्यांनी धरलं. ती एका दिवसात बसली. आधीच्या कुठल्याही उन्हाळ्यात बसली असती.

त्या ऑफिसात मी एकटीच बाई होते, एकटीच भारतीय होते — हे लिहून खोडणार होते. राहू दे. खरं आहे, पण छतावर मी चढत नव्हते.

हॉल उभा आहे, आता भक्कम आहे. लेख्नर काठी घेऊन चालतात. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. त्या दिवशी आपण दोर बांधला नाही म्हणून हे झालं, असंच ते मानतात.