मानेतला माझा नंबर

कुत्रीला चिप बसवायची म्हटल्यावर नवरा हसला होता. "आता सातबाऱ्यावरही नाव चढव तिचं," म्हणाला. मी ऐकते थोडीच! दिवाळीत बोरीच्या रस्त्यावर ती लंगडत सापडली, तेव्हा एका कानाचा शेंडा कापलेला होता. नसबंदीचं ऑपरेशन करून सोडलेल्या कुत्र्यांच्या कानाला नगरपालिका अशीच खूण करते, म्हणजे बिनमालकाची असणार, असं आम्ही धरून चाललो. नांदेडच्या डॉक्टरांनी मानेच्या कातडीखाली तांदळाएवढी चिप सोडली. वरून मशीन फिरवलं की एक आकडा दिसतो, आणि त्या आकड्यापुढं नोंद माझ्या नावाची, माझ्या मोबाईलची. मग कुठं माझा जीव भांड्यात पडला.

गुढीपाडव्यानंतर एक बाई जिंतूरच्या माझ्या शिलाईच्या दुकानात झंपर टाकायला आली. कुत्री तिच्यावर अशी झेपावली की मी ओरडलेच. पण ती चावत नव्हती. बाईचं तोंड चाटत होती, कुंई कुंई करत रडत होती. माझ्यासाठी ती कधी इतकी वेडी झाली नव्हती.

"ही आमची हाय, ताई. ऊसतोडीला जाताना ट्रॅक्टरच्या मागं पळत आली, बोरीच्या पुढं दिसंना. तवापासून हुडकायलाव."

"कशावरून तुमची?"

"कान आमीच कापलाय की. पिल्लाचा कान कापला की कुत्रं तिखट होतंय."

मी चढ्या आवाजात म्हटलं, "तिच्या मानेत माझा नंबर आहे."

बाईनं मान चाचपली. "हाताला तर काई लागंना. असंल तुमचा. पण सासऱ्याची मेंढरं हायेत, ताई. ही गेल्यापासून लांडगा कोकरं न्यायलाय."

ती भांडली असती तर मी सोडलं नसतं. भांडणात मी कुणाला हार जात नाही. ती नुसती कुत्रीच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. शेवटी मीच साखळी सोडली. कुत्रीनं मागं वळूनही पाहिलं नाही. मला राग आला तो बाईचा नाही, कुत्रीचा.

बाईचा फोन नंबर मी मागून घेतलाय. नवरा म्हणतो, डॉक्टरांना सांगून नोंद बदलून टाक. मी आज करते, उद्या करते म्हणते. कारण ती कुठं हरवली, कुणी मशीन फिरवलं, तर फोन मलाच येईल. अनोळखी नंबर वाजला की कात्री तशीच टाकून मी धावते. देवा, एकदा हरवू दे तिला, असं मनात येतं. तिकडं कोकरं आहेत, लांडगा आहे, हे ठाऊक असूनही येतं.