कुजबुजणारं घर

आमच्या घरात माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय, याचा पहिला सुगावा मला कुकरवरून लागला. पूर्वी शिट्ट्या झाल्या की मी हात धुऊन ताटावर बसायचो. रिटायर झालो आणि हळूहळू कुकर गप्प झाला. सुनेनं मला न विचारता नवा आणला असणार, असं मी धरून चाललो. जुना कुठं गेला, हे मात्र विचारलं नाही. माहिती काढायची तर आपण गाफील आहोत असं दाखवावं लागतं.

मग माणसं. बायको आणि सून स्वयंपाकघरात बसायच्या, ओठ हलायचे, आणि मी दारात गेलो की गप्प. नाहीतर एकदम ठणाणा, "मामा, काय पायजे?" एवढ्या मोठ्यानं कोण विचारतं? ज्याच्या मनात काही नाही तो साध्या आवाजात विचारतो. मुलगा तेवढा नीट बोलायचा, पण त्याचा आवाज मुळात जाड. पुढे त्याच्यावरचाही भरवसा उडाला, कारण टीव्हीचा आवाज कमी करताना मी त्याला पकडलं.

काय शिजतंय ते मी ताडलं होतं. लासूर स्टेशनजवळ वडिलांची जमीन आहे, माझ्या नावावर. ती विकून शहरात मोठा फ्लॅट घ्यायचा, माझी सही तेवढी घ्यायची. बायकोही त्यांना सामील आहे, हे मला फार लागलं. शेवटी ठरवलं, रविवारी रात्री जेवायच्या आधी मुलाला सांगायचं, तुम्ही वेगळे निघा.

त्या रविवारी सकाळी मन घट्ट करायला वाळूजला गेलो. तिथं एका चहाच्या टपरीवर आमच्या प्रेस शॉपमधले जुने लोक जमतात. पत्रा दाबणाऱ्या मशिनींच्या दणदणाटात आमचा उभा जन्म गेला. तिथं बोलणं ऐकूच यायचं नाही, म्हणून चहाला, सुट्टीला, साहेब आला त्याला, सगळ्याला आमच्या हाताच्या खुणा होत्या. कानात घालायला बोळे मिळायचे, ते आम्ही खिशात ठेवायचो. घालणाऱ्याला नाजूक म्हणून चिडवायचो.

मी घरची हकिकत सांगितली. माझ्या मशिनवरचा जोडीदार म्हणाला, "आमच्याकडं बी तेच हाय. सून लई हळू बोलती. मुद्दाम."

दुसऱ्याच्या घरी तर नातही सामील होती. तिसऱ्याच्या घरच्यांनी दाराची बेल काढून टाकली होती, कुणी आलं-गेलं त्याला कळू नये म्हणून.

आधी मला बरं वाटलं. मग पाहिलं तर टपरीवरची बाकीची गिऱ्हाइकं आमच्याकडे बघत होती, रस्त्यापलीकडचा पंक्चरवालाही. आपापल्या घरातली गुपितं आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडून सांगत होतो. आणि सगळी कारस्थानं नेमकी प्रेस शॉपवाल्यांच्याच घरात कशी? संशयी माणूस कुणालाच सोडत नाही. परतीच्या बसमध्ये मी पहिल्यांदा स्वतःवर संशय घेतला.

घरी आलो तो सरळ स्वयंपाकघरात. गॅसवर कुकर जुनाच होता, त्याच्या दांड्याला मीच बसवलेला स्क्रू होता. मी समोर उभा राहिलो. शिट्टी उचलली गेली, वाफेचा फवारा वर गेला, सुनेनं गॅस बारीक केला. मला काहीच ऐकू आलं नाही.

रडू आलं. सुनेला विचारलं, तुम्ही दोघी इतकं हळू का बोलता. ती माझ्यासमोर येऊन म्हणाली, "हळू कुठं मामा? तुमच्यापायी लई वरडून बोलतो आमी. शेजारचे इचारतेत, तुमच्या घरी रोज कामून भांडणं व्हतेत."

मी कपाळावर हात मारून घेतला आणि स्वतःला शिव्या घालू लागलो. बायकोनं तो हात धरला, स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. लोकांना जसं कधी सोडत नाही तुम्ही, तसं स्वतःलाही कधी सोडायचं नाही का, असं काहीतरी ती म्हणाली असावी. चेहऱ्यावर राग नव्हता एवढं दिसलं.

रात्री मुलगा जेवायला बसला. म्हणालो, उद्या मला कानाच्या डॉक्टरकडे ने. त्यानं मान हलवली. तेवढ्यात बायको सुनेकडे वळून काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. माझ्यावरच हसल्या, असं मनात आलंच. येऊ दिलं. मग विचारलं, "काय म्हणालीस?"

तिनं परत सांगितलं. मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं.